वाचकांचे प्रश्न : वाहतूक संशोधन केंद्रात नेमके काय शिकतात?

प्रश्न : मी सिव्हिल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. वाहतूक अभियांत्रिकीत पुढे शिकावे असे मनात आहे. पण घरचे म्हणतात, ‘रस्तेच बांधायचे तर आहे ती डिग्री पुरे.’ उच्च शिक्षणसंस्थांतील वाहतूक संशोधन केंद्रांत काय चालते आणि पुढे नोकरी कुठे मिळते?
— एक विद्यार्थी, सांगली

उत्तर : रस्ता बांधण्यापुरते पाहिले तर तुमच्या घरच्यांचे काही चुकत नाही. या केंद्रांत मात्र त्या रस्त्यावरून कोण, कशाने, कुठे आणि किती वेळात जातो याचा अभ्यास मुख्यतः होतो. मुंबईच्या आयआयटीत सिव्हिल विभागात ‘ट्रान्सपोर्टेशन सिस्टिम्स इंजिनिअरिंग’ हा एम.टेक.चा स्वतंत्र विषय आहे. अशा ठिकाणी पुष्कळ प्रबंधांची सुरुवात चौकात होते. जवळच्या इमारतीच्या गच्चीवर कॅमेरा लावायचा, गर्दीच्या वेळेचे चित्रीकरण करायचे आणि मग प्रयोगशाळेत बसून पाच-पाच मिनिटांच्या तुकड्यांत दुचाकी, रिक्षा, कार, बस यांची मोजदाद करायची. हे काम आता सॉफ्टवेअरही करते. पण बस आणि रिक्षा यांच्या फटीतून पुढे सरकणाऱ्या दुचाकी त्याच्या नजरेतून निसटतात, म्हणून माणसाला पुन्हा तपासावेच लागते.

ही मोजदाद कशासाठी, असे तुम्ही विचाराल. रस्ता किती रहदारी पेलू शकतो, म्हणजे त्याची क्षमता किती, हे ठरवण्यासाठी. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९९० च्या शहरी रस्त्यांविषयीच्या मार्गदर्शिकेत कारला १ धरून इतर वाहने किती कारइतकी मोजायची ते दिलेले आहे : त्या-त्या वाहनाचे प्रमाण एकूण रहदारीत दहा टक्के किंवा अधिक असेल, तर दुचाकीला ०.७५, रिक्षाला २ आणि बस-ट्रकला ३.७. रांगेत चालणाऱ्या अमेरिकी रहदारीची सूत्रे आपल्या रस्त्यांना लागू पडत नाहीत. म्हणूनच केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेने मुंबईची आयआयटी, सुरतचे एसव्हीएनआयटी अशा अनेक संस्थांना सोबत घेऊन २०१७ मध्ये भारतीय रस्त्यांची स्वतंत्र क्षमता-नियमावली तयार केली. (बस ३.७ कारइतकी जागा घेते हे या कोष्टकात दिसते, तिच्यात चाळीस माणसे बसलेली असतात हे मात्र दिसत नाही. आपल्याकडे उड्डाणपूल चटकन मंजूर होतात आणि बसमार्गिका रखडतात, त्याचे थोडे मूळ येथेही असावे.)

केंद्राचे नाव पाहू नका, तेथे कोणता प्रश्न हाताळला जातो ते पाहा. दिल्लीच्या आयआयटीत प्रा. दिनेश मोहन यांनी उभा केलेला गट रस्ते-अपघातांतील इजा, हेल्मेट आणि पादचारी यांवरील कामासाठी ओळखला जातो. मोहन यांनी तर हरियाणातील खेड्यांत कडबाकुट्टी यंत्राने होणाऱ्या इजांचाही अभ्यास केला होता. तुमचा ओढा सिग्नलच्या वेळापत्रकाकडे असेल, तर हा गट कितीही नामांकित असला तरी तुमच्या कामाचा नाही.

नोकरीचे म्हणाल तर सल्लागार कंपन्या, मेट्रो महामंडळे, एमएमआरडीएसारखी प्राधिकरणे आणि पुढे पीएच.डी. व अध्यापन, अशा वाटा आहेत. सल्लागार कंपनीत पहिली एक-दोन वर्षे परगावी जाऊन रहदारीची गणना आणि घरोघरीचे सर्वेक्षण करण्यात जातात, याची तयारी ठेवा. महापालिकेतील नोकरीवर विसंबू नका. तेथे हे काम बहुधा रस्ते विभागातील अभियंत्यांकडेच असते. एम.टेक.च्या प्रवेशासाठीची गेट परीक्षा तिसऱ्या वर्षापासून देता येते, गुण तीन वर्षे चालतात आणि एम.टेक.ला दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळते. घरच्यांशी बोलताना हा आकडा उपयोगी पडेल. अर्ज भरण्यापूर्वी मात्र एका संध्याकाळी वही घेऊन गावातल्या मोठ्या चौकात तासभर वाहने मोजून पाहा.

प्रश्न : माझी मुलगी भूगोलात एम.ए. करत आहे. तिला या क्षेत्रात वाव आहे का?
— एक पालक, नाशिक

उत्तर : आहे. एम.टेक.चा मार्ग तिच्यासाठी नाही. परंतु नियोजन शिकवणाऱ्या संस्थांतील परिवहन नियोजनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांना काही ठिकाणी भूगोल, अर्थशास्त्र यांचे पदव्युत्तर पदवीधरही पात्र असतात. प्रत्येक संस्थेची त्या वर्षीची पात्रतेची अट मुळातून वाचावी. दरम्यान तिने जीआयएसवर, म्हणजे संगणकीय नकाशांच्या तंत्रावर, हात बसवला आणि सोबत संख्याशास्त्राची उजळणी केली, तर प्रवेशाच्या मुलाखतीत तिला सांगण्यासारखे काहीतरी असेल.