पिकअप दोन इंच उचलण्यासाठी कर्ज काढावं का?

जुन्नर तालुक्यातल्या एका टोमॅटो उत्पादकाचं पत्र आहे. थोडक्यात असं: "माझी पिकअप साधी, टू-व्हील-ड्राइव्ह. प्लॉटपासून डांबरीपर्यंत दीड किलोमीटर पाणंद आहे. पावसात ओढ्याजवळच्या तीस-चाळीस फुटांत गाडी रुतते, मागचा गोळा (मागच्या दोन चाकांमधल्या एक्सलवरचा गिअरचा फुगीर भाग) चिखलाला टेकतो. गेल्या हंगामात नऊ वेळा ट्रॅक्टरने ओढून काढली, दर वेळी ५०० रुपये. एकदा रात्रभर अडकली, माल दुसऱ्या दिवशी नारायणगावला गेला आणि भावात ८,००० चा फटका बसला. गॅरेजवाला म्हणतो, गाडी दोन इंच उचलू. मागे एक वाढीव पाटा (स्प्रिंगची पट्टी) ८,०००, लांब शॅकल (पाट्याचं टोक चेसिसला जोडणारी कडी) ४,०००, चार मोठे टायर ३२,०००. पतसंस्था १४ टक्क्यांनी दोन वर्षांसाठी ४४,००० द्यायला तयार आहे. गाडीचा १३,४०० चा हप्ता अजून चौदा महिने चालेल. हातात ६०,००० आहेत, पण ते पुढच्या लागवडीचे. करू का?"

माझं उत्तर: हे कर्ज काढू नका. गाडीवर एकच काम करा, तेही घरच्या पैशातून. बाकीचा पैसा ओढ्याजवळ लावा.

आधी हिशेब. १४ टक्क्यांनी ४४,००० चा दोन वर्षांचा हप्ता महिना साधारण २,११० बसतो आणि एकूण परतफेड ५०,७०० च्या आसपास जाते. तुमचं गेल्या हंगामाचं नुकसान १२,५००. म्हणजे गाडी पुन्हा एकदाही रुतणार नाही असं धरलं, तरी पैसे वसूल व्हायला चार हंगाम लागतील. आणि ती रुतणारच नाही, असं मला वाटत नाही. त्याचं कारण गाडीच्या खाली आहे.

तुम्हीच लिहिलंय की मागचा गोळा टेकतो. पाटा वाढवला किंवा शॅकल लांब केली की चेसिस आणि हौदा वर जातो. एक्सल आणि गोळा मात्र चाकांच्या बरोबर आहेत तिथेच राहतात. गोळा वर न्यायचा तर चाकच मोठं हवं. तुमचे टायर २१५/७५ आर १५ आहेत, व्यास सुमारे ७०४ मिलिमीटर. गॅरेजवाला सुचवतोय ते २३५/७५ आर १५ साधारण ७३४ चे. फरक ३० मिलिमीटर, पण एक्सल वर जाणार त्याच्या निम्मा, म्हणजे १५ मिलिमीटर. बोटभर रुंदीसुद्धा नाही, आणि त्यासाठी ३२,०००. शिवाय स्पीडोमीटर चार टक्के कमी दाखवणार, म्हणजे काटा ६० वर असताना गाडी ६२-६३ ने धावत असेल. शॅकलचंही तेच गणित: ती दोन इंच लांब केली तर गाडी एकच इंच उचलली जाते.

या कामांचा एक धोका गॅरेजमध्ये सहसा कोणी सांगत नाही, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. बऱ्याच पिकअपना मागच्या एक्सलपासून चेसिसवरच्या एका व्हॉल्व्हपर्यंत बारीक दांडी जोडलेली असते. माल भरला की हौदा खाली बसतो, दांडी हलते आणि मागच्या ब्रेकला जास्त जोर मिळतो. मागची बाजू उचलली की व्हॉल्व्हला गाडी रिकामी वाटते. मग पन्नास-साठ क्रेट भरलेल्या गाडीचे मागचे ब्रेक कमी लागतात. गाडीखाली वाकून तुमच्याकडे ती दांडी आहे का ते बघा. असेल तर तिची सेटिंग बदलल्याशिवाय मागचे पाटे वर नेणं म्हणजे जिवाशी खेळ. एक्सल आणि पाट्यांच्या मध्ये ठोकळे बसवून गाडी उचलणं सगळ्यांत स्वस्त पडतं, पण पुढच्या एक्सलला ते कुणी सुचवलं तर तिथून सरळ निघा.

वाढीव पाट्याने गाडी कडकही होते. पूर्ण भरलेली असताना हे जाणवत नाही. अर्ध्या मालावर मात्र खालच्या क्रेटमधला टोमॅटो दणके खाऊन दबतो आणि बाजारात त्याचाच भाव पडतो.

कायद्याची बाजूही पैशाचीच आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते कडकपणे लावलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. तुमची गाडी मालवाहू, तिला ठरावीक मुदतीने आरटीओच्या फिटनेस तपासणीला न्यावंच लागतं. अपघात झाला आणि विमा कंपनीला न कळवलेला बदल सापडला तर दावा अडतो. चौदा हप्ते बाकी असताना दावा अडला, तर गाडी नाही आणि हप्ता मात्र चालू, ही वेळ मला तुमच्यावर आलेली बघायची नाही.

मग करायचं काय? सपाट जागी गाडी रिकामी उभी करा आणि मागच्या चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी मोजा. गावात त्याच मॉडेलची कमी चाललेली गाडी असेल तर तिचंही मोजा. वर्षानुवर्षं माल वाहून पाटे बसतात. तुमची गाडी दीड-दोन इंच बसली असेल, तर बसलेले पाटे बदलून मूळ उंची परत आणा. ही दुरुस्ती झाली, फेरफार नाही. त्यामुळे आरटीओचा किंवा विम्याचा प्रश्न येत नाही. ८,००० च्या आसपासचा खर्च इथे मला पटतो, मात्र वाढीव पाटा न घालता मूळ संख्येइतकेच पाटे ठेवा. यानेही गोळा वर जाणार नाही, पण भरल्या गाडीची शेपूट खाली लोंबायची थांबेल.

टायर आता घेऊ नका. मागचे दोन झिजले की त्याच साइजचे, खोल आणि रुंद नक्षीचे घ्या. चिखलात टू-व्हील-ड्राइव्ह अडते ती बहुतेक वेळा चाक घसरतं म्हणून. रिकामी गाडी नेताना मागच्या एक्सलच्या वर वाळूच्या चार-पाच गोण्या टाकल्या तरी पकड सुधारते.

पण दीड किलोमीटरच्या पाणंदीत तुम्ही अडकता ती जागा एकच, आणि नऊही वेळा तीच. तिथे आधी पाण्याला वाट हवी. सिमेंटचा पाइप टाकून पाणी ओढ्याकडे काढा, मग दगडसोलिंग (मोठ्या दगडांचा थर) करून वर मुरूम. पाणी न काढता ओतलेला मुरूम पहिल्याच जोरदार पावसात गाळात जातो. मुरूम रॉयल्टी भरलेला, पावतीसकट घ्या. ती पाणंद वापरणारे तुम्ही एकटे नसाल. शेजारच्या तीन-चार शेतकऱ्यांना बसवून लेखी वर्गणी ठरवा. तुमच्या वाट्याला १२,००० पर्यंत आले तरी ते एका हंगामाच्या नुकसानीएवढेच आहेत, आणि रस्ता पुढेही राहतो. सोबत ग्रामपंचायतीत पाणंद रस्त्यांसाठीच्या सरकारी योजनेची चौकशी करून अर्ज द्या. मंजुरीला वेळ लागतो, म्हणून ओढ्याचं काम तिच्यावर अडवून ठेवू नका.

पाटे आणि ओढा मिळून २०,००० धरले तर तुमच्या ६०,००० मधले ४०,००० लागवडीला उरतात. ते रोप, मल्चिंग आणि औषधांना पुरत नसतील तर पाटे पुढच्या वर्षावर ढकला आणि फक्त ओढ्याचं काम करा. चौदा महिन्यांनी १३,४०० चा हप्ता सुटेल. तोपर्यंत एक पावसाळा या रस्त्याने काढून झालेला असेल. त्यानंतरही गाडी रुतत असेल, तर कंपनीकडून फोर-व्हील-ड्राइव्ह म्हणूनच आलेली जुनी पिकअप बघू, आणि तेव्हाचा हिशेब मी तुमच्याबरोबर बसून करीन.