माझे वडील १९८५च्या 'भारत जोडो' सायकल यात्रेत होते. नातवंडांना सांगायला बसले की भाषणच होतं आणि मुलं उठून जातात. काय करावं?

भाषण होतं ते आपल्या प्रश्नामुळे. 'आजोबा, यात्रेबद्दल सांगा ना' म्हटलं की गाडी थेट राष्ट्रीय एकात्मतेवर जाते. मुलांनी 'सायकल पंक्चर झाली तर कोण काढायचं?', 'भाषा कळत नव्हती तिथे जेवण कसं मागायचात?' असं विचारलं, तर तीच एकात्मता ताटातून आणि टायरमधून येते.

आधीची पार्श्वभूमी मात्र तुम्ही सांगा, ते काम आजोबांवर टाकू नका. ३१ ऑक्टोबर १९८४ला इंदिरा गांधींची हत्या झाली, पाठोपाठ दिल्लीत शिखांचं शिरकाण. जुलै १९८५मध्ये पंजाबच्या शांततेसाठी पंतप्रधान राजीव गांधी आणि अकाली नेते हरचंदसिंग लोंगोवाल यांच्यात करार झाला आणि २० ऑगस्टला खुद्द लोंगोवालांनाच गोळ्या घातल्या. त्याच वर्षी २४ डिसेंबरला बाबा आमटे कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाले. सोबत पस्तिशीच्या आतली शंभरावर मुलंमुली सायकलींवर, आणि पाठीच्या दुखण्याने बसता येत नसलेले बाबा गाडीत आडवे. दोन दिवसांनी ते एकाहत्तर पूर्ण करणार होते. एवढं ठाऊक नसेल तर मुलांना ती नुसती लांबची सहल वाटते. मुलं स्वतः नेटवर शोधणार असतील तर आधीच सांगून ठेवा, नाहीतर याच नावाची २०२२ची राजकीय पदयात्राच समोर येते.

मग भारताचा मोठा कागदी नकाशा जमिनीवर अंथरा आणि पेन्सिल नातवंडाच्या हातात द्या. आजोबांनी गाव सांगायचं, मुलाने ठिपका करायचा. 'नक्की कोणती तारीख?' म्हणून अडवू नका. तारखेवर अडलेला माणूस पुढचं विसरतो. 'थंडी होती का? अंगावर काय होतं?' एवढं विचारलं तरी महिना लागतो. ते बाबांच्या १९८८च्या दुसऱ्या, इटानगर (अरुणाचल) ते ओखा (गुजरात) यात्रेतही असतील तर दोन्हीचे प्रसंग हमखास मिसळतात. दोन रंगांच्या पेन्सिली ठेवा, शंका असेल तिथे प्रश्नचिन्ह.

घरी पाठवलेली अंतर्देशीय पत्रं मिळाली तर सोनं समजा. पोस्टाच्या शिक्क्यावरून गाव आणि तारीख दोन्ही कळतं. घडीवर फाटलेली असतील तर चिकटपट्टी लावू नका, तिचा डाग पुढे जात नाही. खिडकीच्या उजेडात, फ्लॅशशिवाय दोन्ही बाजूंचे फोटो काढा. चिकट पानांच्या अल्बममधले फोटो ओढून काढू नका, आहेत तिथेच टिपा.

आवाज नोंदवताना एका बैठकीला ४०-४५ मिनिटं पुरे. पंखा बंद, फोन एअरप्लेन मोडवर, घडी केलेल्या टॉवेलवर, त्यांच्यापासून हातभर अंतरावर. एक मिनिट बोलून इअरफोनवर ऐकून बघा. कुकरची शिट्टी आणि शेजारचा टीव्ही तेव्हाच कळतो. सुरुवातीला तारीख आणि हजर असलेल्यांची नावं बोलून घ्या. मूळ फाइल तीन ठिकाणी ठेवा. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला व्हिडिओ दाबला जातो, तो मूळ म्हणून जपू नका.

कधीतरी मूल विचारणारच: 'पण एवढं करून भांडणं थांबली का?' इथे मोठी माणसं मधे पडतात, 'असं विचारू नये' म्हणतात आणि बैठक संपते. मला तरी हाच प्रश्न सगळ्यात मोलाचा वाटतो. शांततेसाठी घर सोडून निघालेल्या माणसाने तो स्वतःला अनेकदा विचारलेला असतो. तुम्ही मनात दहा आकडे मोजा, गप्प राहा. कदाचित ते वाटेतली भीती सांगतील, यात्रेतले आपापसातले वाद सांगतील, बाबांचं न पटलेलं काहीतरी सांगतील. नातवंडं त्या वेळी जागची हलत नाहीत.

अशा बोलण्यात सोबत्यांची नावं येतात. म्हणून रेकॉर्डिंग कुटुंबाच्या ग्रुपवर टाकण्याआधी वडिलांना ऐकवा आणि ते 'हे काढ' म्हणाले तर तेवढा भाग खरोखर काढा.