वाचकांचे प्रश्न : सोलापूरचा सायकल क्लब सायक्लोक्रॉसला निघाला आहे

या महिन्यात सोलापूरच्या एकाच सायकल क्लबमधून चार पत्रे आली. चारही पत्रांचा विषय एकच आहे : डिसेंबरमधील एका शनिवार-रविवारी पुण्याजवळच्या शेतजमिनीवर होणारी सायक्लोक्रॉस स्पर्धा आणि तिथे जाण्याची तयारी. सायक्लोक्रॉस म्हणजे शेत, वाळू, चिखल आणि आडव्या फळ्यांसारखे अडथळे असलेल्या छोट्या वाटेवर फेऱ्या मारत, गरज पडेल तिथे उतरून सायकल उचलून धावत केलेली शर्यत. म्हणून या वेळी सर्व जागा या चार पत्रांनाच दिली आहे.

प्रश्न : आमच्या क्लबमध्ये चौदा सभासद आहेत. दर रविवारी आम्ही तुळजापूर किंवा अक्कलकोटपर्यंत जाऊन येतो आणि तिघांनी 200 किलोमीटरची ब्रेव्हे (ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायची लांब पल्ल्याची फेरी) पूर्ण केली आहे. स्पर्धेच्या पत्रकात नवोदितांसाठी ‘40 मिनिटे, फेरी 2.8 किलोमीटर, दोन फळ्या, वाळूचा पट्टा, पायऱ्यांचा चढ’ असे छापले आहे; फेऱ्या किती, हे मात्र कुठेच लिहिलेले नाही. अंतर ठरलेले नसताना शर्यत कशी घेतात? आणि हे नवे खूळ आहे की जुना खेळ?
— क्लबचे चिटणीस, होटगी रस्ता

उत्तर : पत्रकात चूक नाही. सायक्लोक्रॉसमध्ये अंतर नव्हे, वेळ ठरलेली असते. पहिल्या फेऱ्यांना आघाडीच्या स्पर्धकाला किती वेळ लागतो हे पाहून पंच उरलेल्या वेळात किती फेऱ्या बसतील याचा हिशेब करतात, तो आकडा फलकावर लावतात आणि शेवटच्या फेरीला घंटा वाजते. कोरड्या जमिनीवर जी शर्यत सात फेऱ्यांची होईल तीच रात्रीच्या पावसानंतर पाच फेऱ्यांची होते. त्यामुळे पत्रक छापताना फेऱ्यांचा आकडा देणे कोणालाच शक्य नसते. सायकल खेळाच्या जागतिक संघटनेच्या नियमांनुसार फेरी 2.5 ते 3.5 किलोमीटरची असते आणि वरिष्ठ पुरुषांची शर्यत सुमारे एक तास चालते. त्याच नियमांत आणखी एक कठोर तरतूद आहे. आघाडीच्या स्पर्धकाला पहिल्या फेरीला जो वेळ लागला त्याच्या ऐंशी टक्क्यांइतके जो मागे पडतो, त्याला मैदानाबाहेर काढले जाते. म्हणजे पहिली फेरी सात मिनिटांची असेल, तर 5 मिनिटे 36 सेकंद मागे पडलेल्याची शर्यत तिथेच संपते. नवोदितांच्या गटात आयोजक बहुधा इतके कडक वागत नाहीत, पण शनिवारी पोहोचल्यावर हे विचारून घ्यावे.

खूळ म्हणावे, तर ते शंभर वर्षांहून अधिक टिकले आहे. हिवाळ्यात रस्त्यावरच्या शर्यती बंद असताना शेतांतून, चर आणि कुंपणे ओलांडत सायकल दामटण्याची सवय फ्रान्समध्ये लागली. दानिएल गुसो या फ्रेंच सैनिकाने 1902 मध्ये तिथली पहिली राष्ट्रीय स्पर्धा घेतली. 1910 ची टूर द फ्रान्स जिंकणाऱ्या ओक्ताव्ह लापीझने आपल्या यशाचे श्रेय या हिवाळी सरावाला दिले आणि खेळाचे नाव सर्वदूर झाले. पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा 1950 मध्ये पॅरिसला झाली आणि ती ज्याँ रोबिकने जिंकली; 1947 ची टूर जिंकणारा तो हाच. स्त्रियांना मात्र जागतिक स्पर्धेसाठी थेट 2000 सालापर्यंत थांबावे लागले, हे या खेळाला शोभणारे नाही. आज त्याचे खरे घर बेल्जियमचा फ्लँडर्स प्रांत आहे.

आपल्या सभासदांना एक गोष्ट आधीच सांगून ठेवावी. 200 किलोमीटरच्या ब्रेव्हेला साडेतेरा तासांची मुदत असते; तिथे दम राखून चालणाऱ्याचे भागते. येथे पहिल्या वळणाआधीच सर्व शक्ती लावावी लागते, कारण वाट अरुंद होण्यापूर्वी जो पुढे जातो त्याच्यामागे बाकीची रांग अडकते. तुळजापूरचा घाट न थांबता चढणारे सभासद इथे दहाव्या मिनिटाला धापा टाकू लागले, तर त्यांनी ते मनाला लावून घेऊ नये.

प्रश्न : माझ्याकडे 35 मिलिमीटर टायरची हायब्रिड सायकल आहे, दोघांकडे एमटीबी (डोंगरवाटांच्या सायकली) आहेत आणि बाकीच्यांकडे रोड बाईक. सायक्लोक्रॉसची सायकल घ्यायचीच झाली, तर खर्च बराच आहे. घ्यावी का? नसल्यास कशाची तयारी करावी?
— एक सभासद, जुळे सोलापूर

उत्तर : घेऊ नये. जागतिक संघटनेच्या स्पर्धांत टायरची रुंदी 33 मिलिमीटरच्या वर चालत नाही, पण नवोदितांच्या गटात फूटपट्टी घेऊन कोणी उभे राहत नाही. आपली हायब्रिड आणि त्या दोघांच्या एमटीबी पुरेशा आहेत. रोड बाईकवाल्यांनी मात्र हट्ट करू नये. त्यांच्या चाक धरणाऱ्या चिमट्यात आणि ब्रेकमध्ये जाड टायरला बहुधा जागाच नसते. त्यांनी सायकल उसनी घ्यावी किंवा मदतनीस म्हणून यावे.

सायकलपेक्षा टायरमधली हवा महत्त्वाची. रस्त्यावर आपण 80–100 पीएसआय (हवेचा दाब मोजण्याचे एकक) हवा भरतो. तेवढ्या हवेचे टायर ढेकळांवरून चेंडूसारखे उडते आणि वळणावर घसरते. ट्यूब असलेल्या 35 मिलिमीटरच्या टायरमध्ये, वजन पासष्ट किलोच्या आसपास असेल तर, 35 पीएसआयपासून सुरुवात करावी आणि दोन-दोनने कमी करत जावे. रिम दगडावर आपटल्याचा आवाज आला, की दोन वाढवावेत. फार कमी हवेत ट्यूब रिम आणि दगड यांच्यामध्ये चिमटते आणि तिला जोडीने दोन भोके पडतात. ट्यूबलेस टायरमध्ये ही भीती नसते, म्हणून हवा आणखी कमी ठेवता येते. आपल्या भागात दुसरा शत्रूही आहे. बेल्जियमच्या कुरणांत बाभळीचे काटे आणि सराटे नसतात. आपल्याकडे बांधाजवळून गेलेली प्रत्येक वाट त्यांचीच असते. ट्यूबलेस टायर असेल तर आत भोके बुजवणारे द्रव घालावे. नसेल तर दोन ट्यूब जवळ ठेवाव्यात आणि सराव झाल्यावर प्रत्येक वेळी टायरवरून बोट फिरवून पाहावे.

आता चिखलाविषयी. ज्या काळ्या मातीत आपण वाढलो तिच्यातील चिकणमातीचे कण पाणी पिऊन फुगतात आणि वाळल्यावर आक्रसतात. उन्हाळ्यात शेतात पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. ओली काळी माती टायरला नुसती लागत नाही, थरावर थर चढवत जाते. शंभर पावले जाईपर्यंत चाक चिमट्यात अडकते आणि मग सायकल ढकलताही येत नाही, कारण ढकलले की आणखी माती गोळा होते. ज्याने पावसाळ्यात शेतातून चप्पल हातात घेऊन चालायला शिकले आहे, त्याला या प्रसंगी काय करायचे ते सांगावे लागू नये : चाक जड होण्याआधीच सायकल उचलून खांद्यावर घ्यावी. युरोपातील व्यावसायिक स्पर्धक यावर वेगळा उपाय करतात. मैदानालगतच्या ठरलेल्या जागेत त्यांची दुसरी सायकल तयार असते. माखलेली सायकल मदतनिसाच्या हाती देऊन ते स्वच्छ सायकल घेतात आणि ते पुन्हा येईपर्यंत पहिली पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन तयार ठेवली जाते. डिसेंबरमध्ये जमीन कोरडी आणि ढेकळांची असण्याचीच शक्यता अधिक आहे. आयोजकांनी एखाद्या पट्ट्यात पाणी सोडले असेल, तर मात्र वरचे सारे लागू होईल.

सर्वांत अधिक वेळ द्यावा तो सायकलवरून उतरण्याच्या आणि पुन्हा चढण्याच्या सरावाला. हे वाचून आपल्याला हसू येईल, कारण उतरणे आपल्याला लहानपणापासून येते. पण धावत्या सायकलवरून वेग न मोडता उतरणे येत नाही. हिशेब करून पाहा. दोन फळ्या मिळून एकदा, पायऱ्यांवर एकदा आणि वाळूत एकदा, असे प्रत्येक फेरीत तीनदा उतरावे लागले आणि दर वेळी सहा सेकंद वाया गेले, तर सहा फेऱ्यांत 108 सेकंद जातात. एवढा वेळ निव्वळ पायांच्या जोरावर भरून काढायला फार मोठा खेळाडू लागतो.

पद्धत अशी. उतरायचे नेहमी डाव्या बाजूने, कारण चेन उजवीकडे असते. अडथळा वीस-पंचवीस पावलांवर असताना उजवा पाय सीटमागून डावीकडे आणावा आणि क्षणभर डाव्या पॅडलवर उभे राहावे. डावा हात हँडलवर, उजवा हात मधल्या दांडीवर घेऊन उजवा पाय जमिनीवर टाकावा आणि लगेच धावू लागावे. फळी 40 सेंटिमीटरपेक्षा उंच नसते, तेव्हा दांडी धरून सायकल गुडघ्याएवढी उचलली तरी पुरते. पायऱ्यांसाठी मात्र ती खांद्यावर घ्यावी : दांडीचे वजन उजव्या खांद्यावर, आणि उजवा हात पुढच्या तिरक्या नळीखालून काढून हँडलची डावी बाजू धरलेला, म्हणजे पुढचे चाक डोलत नाही आणि डावा हात मोकळा राहतो. चढताना उडी मारू नये. उजवा पाय मागे टाकत मांडीच्या आतल्या भागावर सीटवर घसरत बसावे. आपटून बसणाऱ्यांना याचे कारण एकाच सकाळी कळते.

सरावासाठी फळ्यांऐवजी विटांवर ठेवलेली बांबूची काठी चालेल. तिला पाय लागला तरी ती पडेल, आपण पडणार नाही. प्रत्येकाने आठवड्यातून दोनदा वीस-वीस वेळा उतरावे-चढावे. वाळूची सवय सीनेच्या कोरड्या पात्रात होईल. तिथे मोठा गिअर न लावता सरळ रेषेत, हँडल सैल धरून आणि पाय न थांबवता जावे. हिप्परग्याच्या तलावाच्या बाजूची चढ-उताराची रानेही चांगली आहेत, मालकाला विचारून जावे. नान्नजच्या माळाचा मोह मात्र टाळावा. ते माळढोकाचे अभयारण्य आहे, सायकलचे मैदान नव्हे.

प्रश्न : माझा पंधरा वर्षांचा मुलगा क्लबबरोबर जाण्याचा हट्ट धरून बसला आहे. व्हिडिओत खेळाडू सारखे पडताना दिसतात. त्याला पाठवावे का? मीही सोबत जावे असे म्हणते, पण तिथे दिवसभर काय करायचे?
— एक आई, विजापूर रस्ता

उत्तर : पाठवावे, मात्र मुलांच्या स्वतंत्र गटात. त्या शर्यती वीस-तीस मिनिटांच्या असतात. पडणे पुष्कळ होते हे खरे, पण वेग रस्त्यावरच्या शर्यतीपेक्षा बराच कमी असतो, गाड्या नसतात आणि बहुतेक वेळा माती किंवा गवत यांवरच पडणे होते. हेल्मेट आणि पूर्ण बोटांचे हातमोजे नसतील, तर त्याला रेषेवर उभे राहू देऊ नये. पालकांचे संमतिपत्र आयोजक मागतील. त्यांनी न मागितल्यास त्या स्पर्धेविषयीच शंका घ्यावी.

आपण अवश्य जावे. रस्त्यावरच्या शर्यतीत प्रेक्षकाला स्पर्धक एकदा दिसतो आणि निघून जातो. येथे तो दर सात-आठ मिनिटांनी समोरून जातो, आणि मैदान वळणावळणांचे असल्यामुळे पन्नास पावले चालले की तोच पुन्हा दिसतो. फळ्यांजवळची जागा आधी पकडावी, सारी गंमत तिथे असते. फ्लँडर्समधले प्रेक्षक गाईच्या गळ्यातल्या घंटा वाजवतात. क्लबमध्ये कोणी हलगी वाजवणारा असेल, तर त्या घंटांची उणीव भासणार नाही.

खाण्याची व्यवस्था आपल्या हाती येईल असे दिसते, म्हणून सांगतो. शर्यतीच्या अडीच-तीन तास आधी पोहे किंवा उपमा पुरे. कडक भाकरी आणि शेंगा चटणी मुबलक न्यावी, पण ती शर्यत झाल्यावर काढावी. ऐन धापेत लसणाची चटणी वर येऊ लागली, तर दोष सायकलचा राहत नाही.

प्रश्न : आठ सायकली आणि चौदा माणसे पुण्याकडे कशी न्यावीत? रेल्वे बरी की टेम्पो?
— क्लबचे खजिनदार

उत्तर : रेल्वेच्या सामानाच्या डब्यात सायकल नेता येते, त्यासाठी पार्सल कार्यालयात वेळेआधी जाऊन नोंदणी करावी लागते. एक-दोन सायकली असत्या, तर मी तेच सुचवले असते. आठ सायकलींसाठी आणि पुण्याहून पुढे शेतापर्यंत जायचे असल्यामुळे छोटा टेम्पोच बरा. सोलापूर ते पुणे रस्त्याने सुमारे 250 किलोमीटर आहे. शनिवारी सकाळी लवकर निघावे, म्हणजे उजेड असताना मैदानाची फेरी पायी पाहता येईल. ती पायीच पाहावी. सायकलवरून पाहिली की वळणातला दगड दिसत नाही. टेम्पो चालवणारा माणूस स्पर्धक नसावा, कारण रविवारी रात्री परतताना कोणाचेच डोळे उघडे राहणार नाहीत.

सायकली उभ्या ठेवाव्यात, एकीचे हँडल दुसरीच्या सीटकडे करून, आणि मध्ये जुन्या चादरी घालाव्यात. सोलापूरकरांना चादरींची वाण नाही. एकदा आम्ही घाईत सहा सायकली आडव्या रचल्या आणि माझी खाली, चेनची बाजू जमिनीकडे करून गेली. पोहोचल्यावर मागच्या डेरेलरला (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणाऱ्या भागाला) धरणारी पट्टी वाकलेली आढळली. ती सरळ करताना तुटली आणि मी तो रविवार दुसऱ्यांना पाणी देण्यात घालवला. ही पट्टी प्रत्येक सायकलची वेगळी असते आणि आयत्या वेळी मिळत नाही, म्हणून ज्याची त्याने एक जादा जवळ ठेवावी.

येताना पाण्याचे दोन कॅन, जुने दात घासण्याचे ब्रश आणि चेनचे तेल टेम्पोत असू द्यावे. शर्यत संपताच माती ओली असतानाच धुऊन टाकावी. सोमवारी सकाळपर्यंत ती ब्रेकमध्ये आणि चेनमध्ये इतकी घट्ट बसते, की ब्रश चालत नाही, खरडून काढावी लागते. धुताना पाण्याची धार चाकांच्या मध्यावर आणि पॅडलच्या बेअरिंगवर थेट मारू नये, आतले ग्रीस निघून जाते. चेन फडक्याने कोरडी करून तिथेच तेल द्यावे, आणि मगच सायकली टेम्पोत चढवाव्यात.