रानपिंगळ्याची नोंद करण्यापूर्वी

सप्रेम आशीर्वाद.

मेळघाटातल्या सेमाडोहच्या रस्त्यालगत रानपिंगळा, हे दुर्मिळ छोटे घुबड, दिसल्याचे तू मोठ्या उत्साहाने कळवलेस. सोबतचे छायाचित्र मी भिंगाखाली धरून दोनतीनदा पाहिले. तुझा हिरमोड होईल, पण तो आपला नेहमीचा पिंगळा आहे. त्याच्या माथ्यावर पांढरे ठिपके ठळक दिसतात. रानपिंगळ्याचा माथा मातकट-करडा आणि जवळजवळ बिनठिपक्याचा असतो, छातीवर तपकिरी रंग सलग पसरलेला असतो, पोटाचा मधला भाग स्वच्छ पांढरा असतो आणि पाय दाट पांढऱ्या पिसांनी झाकलेले असतात. तरुणपणी हीच चूक मी शाईने वहीत उतरवली होती. पुढे ती खोडताना कागद फाटला; ते फाटके पान मी अजून काढून टाकलेले नाही.

चुकीच्या नोंदीची किंमत या पक्ष्याने फार मोजली आहे. 1884 नंतर त्याचा एकही खरा नमुना, म्हणजे संग्रहालयासाठी जपलेला पक्षी, मिळाला नव्हता, तरी माइनर्ट्झहॅगन या इंग्रज अधिकाऱ्याने चोरलेल्या जुन्या नमुन्यावर गुजरातेतील मांडवी आणि 1914 साल अशी खोटी चिठ्ठी लावली. पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती नोंद बाजूला सारून खानदेशातील जुन्या ठिकाणांचा माग घेतला, तेव्हा कुठे नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा पुन्हा दिसला. पुढे तो आपल्या मेळघाटातही सापडला.

तू रात्री बॅटरी घेऊन हिंडतोस, ते थांबव. हा पक्षी दिवसा वावरतो. सकाळची उन्हे सागाच्या शेंड्यांवर आली की तो निष्पर्ण फांदीवर उघडा बसतो, खाली सरडा किंवा सापसुरळी हलते का ते पाहतो आणि मध्येच शेपटी डावीउजवीकडे झरझर झटकतो. दुरून आधी ही शेपटीच नजरेत भरते. मोबाइलवर त्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नकोस. हिवाळ्यात तो झाडाच्या ढोलीत अंडी घालतो, आणि अशा वेळी नर त्या हाकेला उत्तर देण्यातच गुंतून पडतो. घरट्याचे ठिकाण तर जवळच्या मित्रालाही सांगू नये, कारण घुबडाच्या जातीवर जादूटोण्यापायी टपलेले लोक अजून आहेत.

दिवाळी झाली की इकडे ये, आपण धारणीच्या बाजूला जाऊ. तोवर तुमच्या गोठ्यामागच्या चिंचेवर जो पिंगळा बसतो, त्याचा माथा, छाती आणि शेपटी रोज वहीत काढत जा. येताना ती वही आण. सोबत पेन्सिल असू दे, पेन नको.