उच्चार शिकता येतात, आडनाव कशाला लपवायचं?

पत्र : मी बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातली. आई-वडील ऊसतोडीला जातात. मी पत्रकारितेच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एका वृत्तवाहिनीत इंटर्नशिपला गेले तर पहिल्याच दिवशी आडनाव विचारलं आणि ‘तुमचं काय, कोट्यातून होऊन जातं’ म्हणाले. ऑडिशनला ‘उच्चार गावठी आहेत, स्क्रीनवर चालणार नाहीत’ असं ऐकवलं. मॅडम, आडनाव गाळून फक्त वडिलांचं नाव लावू का? की हे क्षेत्र सोडून बी.एड. करू?

प्रिय मुली,

तुला बसलेल्या दोन चपराकी मी वेगवेगळ्या धरते. उच्चारांचा कामाशी संबंध आहे, आडनावाच्या चौकशीचा काडीचाही नाही.

बातमीपत्र वाचायचं तर न-ण, स-श, ळ स्वच्छ यावे लागतात, आणि ते येतात. रोज आकाशवाणीच्या प्रादेशिक बातम्या ऐक. मग त्या दिवसाचा अग्रलेख मोठ्यानं वाचून मोबाइलवर रेकॉर्ड कर. ‘शासन’, ‘आणेवारी’, ‘पाणीटंचाई’ अशा शब्दांवर जिथं जीभ अडते तिथं पेन्सिलीनं खूण कर. काही महिन्यांत फरक जाणवेल. घरी आईशी मात्र आहे तशीच बोल. ‘गावठी’ म्हणणाऱ्यानं तुझा ‘ण’ दुरुस्त करून दिला नाही, तुला दारातच अडवलं. पडद्यावर कुणी ‘हा इश्यू रेज केला गेला’ म्हणतं तेव्हा मराठी बिघडल्याची तक्रार सहसा होत नाही. हा दुजाभाव तुला दिसला, तो खराच आहे.

आता आडनाव. अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि समाजशास्त्रज्ञ पॉल अ‍ॅट्यूवेल यांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी पाठवले होते. उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणं येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश होती, मुस्लिम नावाला एक तृतीयांश. ऑक्सफॅम इंडिया ही स्वयंसेवी संस्था आणि न्यूजलॉन्ड्री हे वृत्तसंकेतस्थळ यांनी २०१९ मध्ये इंग्रजी-हिंदी माध्यमं तपासली. संपादकीय नेतृत्वाच्या १२१ जागांपैकी १०६ जागांवर उच्च जातींचे पत्रकार होते, अनुसूचित जाती-जमातींचं कुणीही नव्हतं. तेव्हा ‘तू उगाच मनाला लावून घेतेस’ असं कुणी म्हटलं तर ऐकू नकोस.

वडिलांचं नाव लावण्यात गैर काही नाही, अनेक जण लावतात. पण भीतीपोटी लावू नकोस. बातमीखाली येणारं नाव हीच पत्रकाराची कमाई असते, आणि तू ती तुझ्या पूर्ण नावानं करावीस असं मला मनापासून वाटतं.

बी.एड.चा विचार शिकवायची आवड असेल तरच कर. तुझ्याकडे जे आहे ते स्टुडिओत बसून मिळत नाही. बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये ८२ हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी झाली, तेव्हा १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. त्या आकड्यामागचं जगणं तू पाहिलं आहेस. एक खाडा पडला की मुकादम दंड कापतो. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटायची असते म्हणून पाळीतही बाई उसाच्या फडात उभी राहते. कोपीजवळ, म्हणजे राहायच्या झोपडीजवळ, ना संडास, ना न्हाणीघर. बाहेरून येणाऱ्या वार्ताहराला कुठला प्रश्न विचारायचा हेच आधी शोधावं लागतं. बुंदेलखंडात ग्रामीण बायकांनी २००२ पासून चालवलेलं ‘खबर लहरिया’ हे वृत्तमाध्यम अशाच जाणतेपणावर उभं राहिलं, तेही बुंदेली बोलीत. म्हणून अँकरिंगच्या आधी वार्तांकन धर.

पदवीनंतर अमरावतीच्या भारतीय जनसंचार संस्थेच्या केंद्रातला मराठी पत्रकारितेचा अभ्यासक्रम पाहा. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर वेळेत भर, जातीचा दाखला आणि उत्पन्नाचा दाखला आताच काढून ठेव. तहसीलला ऐनवेळी किती हेलपाटे होतात हे तुला सांगायला नको. आकाशवाणीच्या नैमित्तिक निवेदकांच्या जाहिरातींवरही लक्ष ठेव.

इंटर्नशिपमध्ये जे बोललं गेलं ते तारीख, वेळ आणि समोर कोण होतं यासह आजच लिहून काढ. इंटर्नशिप कॉलेजमार्फत असेल तर विभागप्रमुखांना आणि कॉलेजच्या समान संधी कक्षाला लेखी दे, पोच घे. पुढच्या मुलीला तिथं पाठवण्याआधी कॉलेजनं विचार करावा एवढं तरी त्यातून होईल.

आणि दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आत तुमच्याच वस्तीतल्या उचलीच्या हिशेबावर पाचशे शब्दांची बातमी लिहून मला पाठव. तुझ्या नावासकट.