पावतीपुस्तक पिशवीत नको

प्रिय मुली,

तुझं पत्र वाचलं. बऱ्या न होणाऱ्या पेशंटची घरी जाऊन फुकट सेवा करणाऱ्या आपल्या गटाच्या बैठकीत निधी गोळा करायची जबाबदारी तुझ्याकडे आली म्हणून तू नाराज आहेस. ‘मी शिकले ते पेशंटजवळ बसायला, पैसे मागत दारोदार फिरायला नाही,’ असं तू लिहिलंयस. तुझी नाराजी मला कळते. पण ही दोन कामं वेगळी आहेत असं मी मानत नाही, आणि का मानत नाही ते आज सविस्तर लिहिते.

आधी एक नियम सांगते, तो मोडायचा नाही. ज्या दिवशी तू होमकेअरच्या गाडीतून पेशंटच्या घरी जाशील, त्या दिवशी तुझ्या पिशवीत पावतीपुस्तक असता कामा नये. त्या घराने आधीच मिरज, कोल्हापूर, मुंबई अशा चकरा मारलेल्या असतात. शेक (रेडिएशन) झालेला असतो, केमो झालेली असते, सोसायटीचं कर्ज थकलेलं असतं आणि सासूबाईंच्या पाटल्याही गेलेल्या असतात. अशा घरातली बाई तुला चहा देताना तुझ्या हातांकडे बघत असते. पावतीपुस्तक दिसलं, की सिस्टर पुढच्या आठवड्यात येणार की नाही हे आता पैशावर ठरणार, असं तिला वाटतं. मग रात्री दुखणं वाढलं तरी ती फोन करायला कचरते. आपल्या पेशंटला सगळं फुकट आहे हे आपण नुसतं तोंडाने सांगून भागत नाही, ते तिला दिसावं लागतं.

घरच्यांना स्वतःहून द्यावंसं वाटतं, ही गोष्ट वेगळी. वर्षश्राद्धाच्या वेळी कुणी आलं, ‘आईच्या नावाने ठेवून घ्या’ म्हणालं, तर मनापासून घे आणि लगेच पावती दे. पण तेराव्याच्या आत कुणी पैसे घेऊन आलं तर हात जोडून सांग, ‘आत्ता राहू द्या, घरातलं सगळं मार्गी लागू दे, मग बघू.’

आता पैसे लागतात कशाला, हे तुझं तुला नीट माहीत हवं, कारण लोक तेच विचारणार. त्यांना वाटतं औषधं महाग असतील. दुखणं थांबवणारी मॉर्फिनची साधी गोळी स्वस्त असते. दर चार तासांनी घ्यायची ती गोळी आणि तिच्याबरोबर न चुकता द्यायचं पोट साफ होण्याचं औषध, यांचं बिल फार होत नाही. 1985 च्या अमली पदार्थ कायद्यामुळे ही गोळी मिळणंच वर्षानुवर्षं दुरापास्त झालं होतं. 2014 ला कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हापासून मान्यताप्राप्त संस्थांना ती नोंदी ठेवून देता येते. आपला पैसा जातो तो माणसावर आणि डिझेलवर.

पावसाळ्यात तू सिस्टरबरोबर ज्या घरी गेली होतीस ते आठव. तंबाखूने गाल पोखरलेला माणूस. जखमेला वास येतो म्हणून त्यांची कॉट गोठ्याला लागून असलेल्या खोलीत हलवली होती आणि नातू दाराशीच थांबायचा. सिस्टरने काय केलं ते तू पाहिलंस. चिकटलेली पट्टी ओढून काढली नाही. सलाइनने भिजवत भिजवत सुटी केली, जखम धुतली, मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या कुटून केलेली पूड वर पसरली, आणि हे सगळं सुनेच्या हातून परत करून घेतलं. पाऊण तास लागला. पुढच्या खेपेला वास बराच कमी झाला होता आणि कॉट परत सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या खोलीत, आली होती. घरच्यांनीच आणली, आपण कुणी सांगितलं नव्हतं. देणगीदाराला सांगायची गोष्ट ही आहे. नाव, गाव, आडनाव काहीही न घेता सांग, पण पट्टी भिजवण्यासकट सांग.

लोकांना वस्तू द्यायला आवडतं. एअर बेड, व्हीलचेअर, ऑक्सिजनचं मशीन, आणि त्यावर वडिलांचं नाव. यात वाईट काही नाही. लागतं तेवढंच घे आणि आभार मान. पण आपल्या खोलीत व्हीलचेअरी पडून आहेत आणि सिस्टरचा पगार दोन महिने मागे आहे, ही अवस्था कुठल्याही संस्थेवर येऊ शकते. म्हणून एका कागदावर साधा हिशेब मांड : एका सिस्टरचा महिन्याचा पगार, ड्रायव्हर, डिझेल, ड्रेसिंगचं सामान. याला त्या महिन्यात झालेल्या भेटींनी भाग. एका घरच्या एका भेटीला किती रुपये पडतात, ते निघेल. तो आकडा पाठ कर आणि तोच माग. ‘यथाशक्ती द्या’ म्हटलं की माणूस गोंधळतो. ‘एका भेटीचा खर्च एवढा येतो, तुम्ही महिन्याला एक भेट उचलाल का?’ असं विचारलं की तो हो तरी म्हणतो नाहीतर नाही तरी म्हणतो, आणि दोन्ही उत्तरं आपल्या उपयोगाची असतात.

केरळचं तू वाचलं असशील, पण थोडं सांगते, कारण माझा विश्वास तिथून आला. 1993 साली कोळिकोडच्या मेडिकल कॉलेजात डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेदना आणि पॅलिएटिव्ह केअरसाठी, म्हणजे आजार बरा होत नसला तरी त्रास कमी करणाऱ्या सेवेसाठी, सोसायटी काढली. पुढे त्यांच्या लक्षात आलं, की दवाखान्यापर्यंत पोचू शकणारे थोडे आणि घरी पडून असलेलेच जास्त. 2000 च्या आसपास मलप्पुरम आणि शेजारच्या जिल्ह्यांत गावोगावी गट उभे राहिले. शेजारीपाजारी, शिक्षक, दुकानदार, कॉलेजची मुलं असे साधे लोक शिकून तयार झाले आणि आपापल्या गल्लीतल्या पेशंटकडे जायला लागले. पैसाही त्याच गल्लीतून आला, तोही लहान लहान रकमांनी आणि दर महिन्याला. 2008 मध्ये केरळ सरकारने पॅलिएटिव्ह केअरचं धोरण आणलं आणि पंचायतींनी गावागावांत नर्सच्या घरभेटी सुरू केल्या. सरकार मागाहून आलं, गाव आधी उभं राहिलं होतं. जो महिन्याला दहा-वीस रुपये देतो, तो एक दिवस येऊन सांगतो, ‘आमच्या मागच्या गल्लीत एक आजी पडून आहेत, जरा बघता का?’ मोठ्या चेकने पैसे येतात, पण त्या आजीचा पत्ता येत नाही. तू पैसे मागायला ज्या दारात जाशील, त्याच दारातून पुढचा पेशंट कळणार आहे आणि पुढचा कार्यकर्ताही. म्हणून मी म्हणते, की हे काम पेशंटचंच आहे.

आपल्याकडे याला जागा भरपूर आहे. दूध सोसायटीचं दर दहा दिवसांनी बिल होतं. चेअरमनला आणि सेक्रेटरीला भेट, सभासदाने लेखी संमती दिली तर त्याच्या बिलातून पाच-दहा रुपये वळते करता येतील का, ते विचार. संमती लेखीच हवी, आणि नको वाटलं तर बंद करायची सोय पहिल्याच कागदावर हवी. दिवाळीला दुधाचा फरक मिळतो, उसाचं बिल जमा होतं, तेव्हा वर्षाची वर्गणी मागायला जा. मे महिन्यात शाळेच्या फिया आणि बी-बियाणं डोक्यावर असताना जाऊ नकोस. गणेश मंडळांकडे गणपतीच्या आदल्या आठवड्यात जाऊन उपयोग नाही, जूनमध्ये जा. एका मंडळाने एका वर्षाचं डिझेल उचललं तर त्यांच्या मंडपात आपला जमाखर्च लावायचा, पै-पैचा. आपल्या लोकांना हिशेब वाचायला आवडतो, आणि जिथे हिशेब भिंतीवर असतो तिथे दुसऱ्या वर्षी मागावं लागत नाही.

करसवलतीचा मुद्दा पुढे करून मागू नकोस. प्राप्तिकरात रोख देणगीला 2000 रुपयांपर्यंतच वजावट मिळते, आणि नव्या करप्रणालीत ती मिळतच नाही. ज्याला प्रमाणपत्र हवं त्याला वेळेवर दे. पुण्या-मुंबईची मंडळी आणि परदेशातली आपली मुलं मदत करू बघतील. भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या कमाईतून दिलं तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलेल्याकडून मात्र परदेशी देणगीच्या कायद्याखालच्या (एफसीआरए) नोंदणीशिवाय एक रुपयाही घ्यायचा नाही, मग तो आपल्याच वाड्यातला पुतण्या का असेना. कंपन्यांचा समाजकार्यासाठीचा (सीएसआर) निधी मिळाला तर त्यातून गाडी घे, प्रशिक्षण कर. पगार त्यावर टांगू नकोस, कारण ते वर्ष-दोन वर्षांत दुसऱ्या विषयाकडे वळतात आणि पेशंट आपल्याकडेच राहतात.

फोटोंबद्दल मी कडक आहे. मोबाइलवर हल्ली नळी लावलेले चेहरे आणि रडणाऱ्या आया दाखवून पैसे मागतात. आपल्याला ते करायचं नाही. आपल्या भागात अजूनही कितीतरी घरांत पेशंटला आजाराचं नाव सांगितलेलं नसतं, आणि शेजाऱ्यांना कळू नये म्हणून आपली गाडी कोपऱ्यावर लावायला सांगतात. लेकीचं लग्न अडेल ही भीती खरी असते. अशा घरातला फोटो एकदा बाहेर गेला की तो परत आणता येत नाही. पेशंटने स्वतः हो म्हटलं तरी मी विचार करीन, कारण ज्याच्या घरी आपण फुकट औषध घेऊन जातो त्याला आपल्याला नाही म्हणणं जड जातं. फोटो हवाच असेल तर सिस्टरचा घे, गाडीचा घे, औषधांच्या पेटीचा घे. चेक देणाऱ्या पाहुण्याला पेशंटच्या उशाशी उभं करायचं नाही, मग तो कितीही मोठा असो. गुटखा आणि तंबाखूच्या धंद्यातला पैसा घ्यायचा नाही. त्या जखमा आपण रोज धुतो.

आता ज्या गोष्टीसाठी मी खरं तर हे पत्र लिहायला बसले, ती. आपल्या अंदाजपत्रकात पेशंट गेल्यानंतरच्या घरासाठी वेगळी रक्कम हवी. लंडनमध्ये 1967 साली सिसिली सॉन्डर्स यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटचं सेवाघर, उभं केलं, तेव्हापासून मागे राहिलेल्यांची काळजी हा या कामाचा भाग मानला गेला आहे. 1986 पासून वांद्र्याचं शांती आवेदना सदन शेवटच्या टप्प्यातल्या कॅन्सरच्या पेशंटना फुकट सांभाळत आलंय, तिथेही सोबतच्या नातेवाइकांना सावरणं हे कामच असतं. पण निधी मागताना या भागाचं नाव आपण घेत नाही, कारण गेलेल्या माणसासाठी पैसे कशाला, असं लोकांना वाटतं.

तेराव्यापर्यंत घर भरलेलं असतं. चौदाव्या दिवशी पाहुणे जातात आणि कागद सुरू होतात. एकवीस दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत मृत्यूची नोंद, दाखल्याच्या चार-पाच प्रती, रेशन कार्ड, बँकेतलं खातं, सातबाऱ्यावर वारसाची नोंद. नवरा गेलेल्या बाईला हे कुणी शिकवलेलं नसतं, आणि जो दीर शिकवायला येतो त्याच्या मनात जमिनीचं काय आहे ते तिला ठाऊक असतं. तू तिचं पासबुक उघडून बघायला शीक. मे-जूनच्या सुमाराला 436 रुपये गेल्याची नोंद दिसली, की समज प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याचा हप्ता कापला गेलाय. माणसाचं वय पंचावन्नच्या आत असेल तर वारसाला 2 लाख रुपये मिळू शकतात, आणि बहुतेक घरांना हा हप्ता कापला जातोय हेच माहीत नसतं. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला कमावता माणूस साठीच्या आत गेला असेल तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे 20,000 रुपये आहेत. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसीलला जातो. हे फॉर्म भरायला, झेरॉक्सला, तिला एसटीने तालुक्याला न्यायला-आणायला जे लागतं ते आपण देतो. मुलांची फी शाळेत परस्पर भरतो, तिच्या हातात पैसे देऊन तिला चार जणांसमोर उत्तर द्यायला लावत नाही.

आणि फॉर्मपलीकडेही जा. महिन्याने जा, तीन महिन्यांनी जा, पहिल्या दिवाळीला तर जाच. आपल्याच शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, राज्यभर त्याची चर्चा झाली, सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. ठराव झाला म्हणून बाईच्या हातातल्या बांगड्या आपोआप राहत नाहीत. दहाव्याला कुणीतरी तिच्या बाजूने उभं राहावं लागतं, आणि त्या घरात महिनोन्‌महिने गेलेल्या सिस्टरचा शब्द तिथे ऐकला जातो. मी तो ऐकलेला पाहिलाय. हळदीकुंकवाला तिला बोलवायचं, पुढच्या वर्षी तिलाच कार्यकर्ती म्हणून विचारायचं. आपल्या गटातल्या सर्वांत भरवशाच्या बायका अशाच आल्या आहेत. पण तिने आपण होऊन तयारी दाखवेपर्यंत थांबायचं.

‘लोक नाही म्हणाले की मला अपमान वाटतो,’ असं तू लिहिलंयस. पेशंटचा मुलगा तुला ‘आता येऊन काय उपयोग’ म्हणून दारातून परत पाठवतो, तेव्हा तू रागावत नाहीस. त्याच्या बोलण्यात भीती आहे हे तुला तिथे ऐकू येतं. देणगी नाकारणाऱ्याच्या घरीही कधीकधी तेच असतं. त्याच्या घरात कुणीतरी दुखून दुखून गेलेलं असतं आणि तेव्हा आपली गाडी नव्हती. त्याला बोलू दे. पैसे आले नाहीत तरी बसून ऐक.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी जागतिक हॉस्पिस आणि पॅलिएटिव्ह केअर दिन असतो. त्या दिवशी आपण गेल्या वर्षभरात ज्यांची माणसं गेली त्या घरांना बोलावू. भाषण नको, पाहुणे नकोत, वर्गणीची पेटीही नको. त्यांची यादी तू सिस्टरकडून घे आणि निमंत्रण फोनवर न देता घरी जाऊन दे. त्याआधी दोन कामं कर : भेटीमागे खर्च किती पडतो त्याचा कागद, आणि आपल्या चालू वर्गणीदारांची गल्लीवार वही. ज्या गल्लीत एकही नाव नाही तिथे आपण दोघी एकत्र जाऊ. मंगळवारी बाजार असतो, लोक घरी सापडत नाहीत, तेव्हा बुधवारी ये. जेवायलाच ये.

तुझी,
ताई