पडणार, पडतोय, पडला

अगं पोरी,

तुझा मेसेज परवा आला (मागच्या परवा, पुढच्या नाही, असं का म्हणतेय ते खाली येईलच). थेरपीत पोरांना क्रियापदाचे काळ, म्हणजे पडणार-पडतोय-पडला, शिकवायच्या त्या अ‍ॅपचे स्क्रीनशॉट बघितले. वर्षाचे पैसे भरू का विचारलंयस, पालक मागे लागलेत म्हणे, "मॅडम, एखादं अ‍ॅप सांगा की". भर, माझी ना नाही, पण भरायच्या आधी एकदा आवाज मोठा करून ते मराठीत काय बोलतंय ते ऐक. मी ऐकलं. "मुलगी सफरचंद खात आहे." आपल्या सोलापुरात कुठलं पोरगं "खात आहे" म्हणतं गं? खातीय म्हणेल, खायलीय म्हणेल. जे रूप घरात एकदाही कानावर पडत नाही ते शिकवून उपयोग काय, पोरगं ते फक्त तुझ्या थेरपीच्या खोलीत बोलेल आणि बाहेर चप्पल घालताना विसरून जाईल.

ही अ‍ॅप मुळात इंग्रजीसाठी बनलेली असतात आणि मग मराठी वरून चिकटवलेली असते, खरी अडचण तिथंच आहे. इंग्रजीत भाषेचा त्रास असलेली पोरं भूतकाळाचं शेपूट (walked मधलं -ed) गाळतात, ती खूणच आहे त्या त्रासाची, म्हणून तिकडच्या अ‍ॅपचा सगळा जोर त्या शेपटावर. आपल्यात गोष्टच वेगळी. तीन कार्डं घे. ती सफरचंद खाणार, ती सफरचंद खातीय, तिनं सफरचंद खाल्लं. तिसऱ्या कार्डावर काय काय बदललं बघ, "ती"ची "तिनं" झाली, क्रियापद मुलीला सोडून सफरचंदाच्या मागं गेलं, आणि सफरचंदाच्या जागी पोळी आली की खाल्ली, आंबा आला की खाल्ला. म्हणजे पोराला एका दमात तीन उड्या मारायला लावतोय आपण आणि अ‍ॅप मात्र लाल फुली दाखवून मोकळं.

म्हणून भूतकाळ सुरू करताना खाणं-करणं बाजूला ठेव. पडणं, फुटणं, सांडणं, तुटणं, बसणं, पळणं यांच्यापासून सुरू कर. फुगा फुटला, बाटली पडली, दूध सांडलं, यात "नं" लागत नाही, कर्ता जसा तसं क्रियापद, आणि पोरांना सांडासांडीत मजा पण भारी येते. ते जमलं की मग "मी" घेऊन खाल्लं-केलं, कारण "मी" आणि "तू" ला पण "नं" लागत नाही, आणि "तिनं", "बाबांनी" सगळ्यात शेवटी. मधे कुणी "करला" किंवा "करली" म्हणालं तर दचकू नको, उलट बरं वाटू दे, त्याला नियम सापडलाय, फक्त "केला" अजून सापडलं नाही. "चूक" म्हणायचं नाही, आपण सहज बरोबर बोलून पुढं जायचं, "हो की, तू मस्त घर केलंस!"

आता माझी एक फजिती सांगते. मी इथं नवीन होते, शिकून आलेली, डोक्यात पुस्तकातली मराठी. शहराच्या पूर्व भागातला एक सहा वर्षांचा मुलगा, घरी तेलुगू, आई विड्या वळायची, बाप लूमवर. पोरगं म्हणालं, "मी भाकरी खाल्लो". मी फुली मारली. परत म्हणालं, "मी चित्र काढलो". परत फुली. असं पानभर झालं आणि मग बापाला समजावत बसले की याला क्रियापदाचा प्रॉब्लेम आहे. तो शांतपणे ऐकून घेऊन म्हणाला, "मॅडम, मी पण तसंच बोललो की आयुष्यभर, मग मलाबी ट्रीटमेंट लागतंय का?" मला तोंड लपवायला जागा नव्हती. तेलुगूत आणि कानडीत क्रियापद भूतकाळात पण करणाऱ्याच्याच मागं जातं, आणि सोलापूरच्या मराठीला ती सवय पिढ्यान्‌पिढ्या लागलीय, घरी मराठीच बोलणारे पण "मी बघितलो, मी सांगितलो" म्हणतात. ती बोली आहे, आजार नाही. तुझ्या अ‍ॅपला हे माहीत असणं शक्य नाही, ते "खाल्लो"ला शून्यच देणार. तुला माहीत पाहिजे. आधी आई-बाप कसं बोलतात ते पाच मिनिटं ऐक, मगच पोराचे मार्क लिही.

मग फोन टाकूनच द्यायचा का, तर नाही. माझ्या मते काळ शिकवायला फोनमधलं सगळ्यात भारी अ‍ॅप म्हणजे कॅमेरा, आणि त्यातलं पॉजचं बटण. आईला सांग, दहा-पंधरा सेकंदांचा व्हिडिओ काढा, कडक भाकरी दोन हातांनी मोडताना, नाहीतर गड्ड्याच्या जत्रेतला पाळणा, नाहीतर बाबा स्कूटरला किक मारताना. भाकरी मोडायच्या आधी पॉज. "आता काय होणार?" मोडणार. चालू कर, "काय होतंय?" मोडतीय. संपला, "काय झालं?" मोडली! चित्राच्या कार्डावर वेळ नसतोच गं, पडलेला मुलगा आणि झोपलेला मुलगा कार्डावर सारखाच दिसतो. व्हिडिओत वेळ पुढं सरकताना दिसते, आणि मागं ओढून परत बघता येते. व्हिडिओ त्यांच्याच फोनमध्ये राहू दे, तुझ्या स्टेटसला नको.

आणि दहा पैकी दहा आले म्हणून नाचू नको. पोरं बटणाची जागा पाठ करतात, हिरवं चमकलं की झालं. जीन बर्को नावाच्या अमेरिकेतल्या भाषा-संशोधक बाईंनी १९५८ मध्ये काय केलं होतं, पोरांना खोटेच शब्द दिले, जे त्यांनी आधी कधी ऐकलेलेच नसणार, आणि काल काय केलं ते सांगा म्हणाल्या. तू पण कर. हात वेडेवाकडे हलव आणि म्हण, "बघ, मी टिमतेय. काल पण मी..." पोरगं "टिमले" किंवा "टिमलीस" म्हणालं तर समज नियम आत गेला, आणि हे कुठल्या अ‍ॅपच्या रिपोर्टमध्ये येत नाही.

आपल्या भाषेचं एक गंमतीचं दुखणं पण पालकांच्या कानावर घाल. आई गॅसजवळून ओरडते "आले आले!" आणि येते दहा मिनिटांनी. शब्दाला शब्द पकडणारं पोरगं असलं तर ते रडतंच, आले म्हणती आणि येत नाही. "परवा" तर दोन्हीकडं चालतो, गेलो होतो की जाणार ते क्रियापदच सांगतं, म्हणून "काल-उद्या" पक्कं होईपर्यंत "परवा"ला हातच लावू नको.

वेळेचं विचारलंयस, तर डब्ल्यूएचओनं २०१९ मध्येच सांगितलंय की दोन ते चार वर्षांच्या पोरांना दिवसाला एक तासापेक्षा जास्त स्क्रीन नको, कमी तेवढं चांगलं. त्यातली दहा मिनिटं आपली, तीही मोठं माणूस शेजारी बसून. बाप लूमवरून आला की फोन मिळतो, तेव्हाच बसा म्हणावं. पोराच्या हातात फोन देऊन आई भाकरी थापायला गेली तर ती थेरपी नाही.

शनिवारी ये, ते अ‍ॅप टाकलेला टॅब चार्ज करून आण, आपण दोघी बसून त्यातली कामाची चित्रं निवडू, आवाज बंद करून आपण बोलू. आणि मागच्या वेळेसारखं घरातूनच "मॅडम, आले" म्हणून फोन करू नको, सात रस्ता चौकात पोचल्यावर कर.

तुझी,
मॅडम